येताना दिंडी, जाताना गर्दी

"खामगाव, खामगाव, खामगाव! चिखली-मेहकरवाले थांबा ना भाऊ, तुमची मागून येऊन राहिली!"

आषाढी एकादशीची संध्याकाळ, साडेसहाचा सुमार. पंढरपूरच्या बाहेर देगावला एसटीचं भीमा यात्रा बसस्थानक उभं केलंय, तिथे एका खांबाला पाठ लावून मी उभा आहे. खांब सोडला की मागून येणारं बोचकं पाठीत ढोसतं, म्हणून खांब सोडत नाही. समोर मुरूम टाकून दाबलेलं मैदान आहे. बांबूंना बांधलेल्या पाट्यांवर विभागांची नावं आहेत: अकोला, अमरावती, बुलढाणा, यवतमाळ. पलीकडच्या अंगाला परभणी, नांदेड, जालना, बीड. प्रत्येक पाटीखाली माणसं बसलीत. उभी फार थोडी. पिशव्या, वळकट्या, प्रसादाच्या चुरमुऱ्यांचे पुडे, डोक्यावरून उतरवलेली तुळशीवृंदावनं आणि गळ्यातून काढून कमरेला बांधलेले टाळ.

यंदाच्या, म्हणजे २०२५ च्या आषाढीला एसटीने ५,२०० जादा गाड्या काढल्यात. महामंडळाचा सगळा ताफा चौदा-पंधरा हजारांचा, म्हणजे दर तीन गाड्यांतली एक पंढरपूरच्या वाटेला लागलेली. इतक्या गाड्या गावातल्या नेहमीच्या स्टँडवर आणल्या तर त्यांची तोंडं एकमेकींना भिडायची आणि वारकऱ्यांना पाय टाकायला जागा उरायची नाही. म्हणून गावाबाहेर चार बसस्थानकं: चंद्रभागा, भीमा, पांडुरंग आणि विठ्ठल कारखाना. वाटणी दिशेची. मुंबई-पुण्याकडच्या गाड्या चंद्रभागेला, नाशिक-जळगावकडच्या विठ्ठल कारखान्याला, सांगली-कोल्हापूर आणि कोकणातल्या पांडुरंगला, मराठवाडा-विदर्भाच्या इथे भीमेला. ज्या अंगाने गाडी आली त्याच अंगाने ती परत फिरते, गावाचं दर्शन न घेता. आतलं उरलेलं अंतर माणसाने पायी तोडायचं. अडीचशे किलोमीटर चालून आलेल्या माणसाला शेवटच्या या दोन-तीन किलोमीटरचं काही वाटत नाही. गाडीने आलेला मात्र इथे उतरताच पहिला प्रश्न करतो, "मंदिर किती लांब?"

पण आज येणाऱ्यांचा दिवस नाही. आज आणि उद्या जाणाऱ्यांचे.

शेडमधल्या लोखंडी टेबलाशी वाहतूक नियंत्रक बसलेत. टेबलावर प्लॅस्टिक अंथरलंय, त्यावर माइक, रजिस्टर, दोन मोबाइल आणि झाकण हरवलेली पाण्याची बाटली. गृहस्थ मराठवाड्यातल्या एका आगाराचे. आवाज बसलाय, तरी माइक कुणाच्या हाती द्यायला तयार नाहीत. रजिस्टरमध्ये रकाने आहेत: आगार, गाडी नंबर, आली, गेली, प्रवासी.

"आणि वेळापत्रक?" मी विचारतो.

"यात्रेला टाइमटेबल नसतंय. भरली की डबल बेल."

एरवीची एसटी घड्याळावर चालते. सव्वासातची गाडी सव्वासातलाच सुटायची, आत चार माणसं असोत की चाळीस. यात्रेत घड्याळ गुंडाळून ठेवायचं. पाटीसमोर एक गाडी भरत असते, तिच्या मागे दुसरी तयार, दुसरीच्या मागे तिसरी. पहिली हलली की दुसरी तिच्या जागी. मोकळ्या गाड्यांची ही माळ तुटली नाही म्हणजे झालं. माळ तुटली की पाचेक मिनिटं लोक नुसते बघतात. मग एक जण उठतो, त्याचं बघून दहा उठतात, आणि पुढची गाडी दिसली की सगळे मिळून तिच्यावर धावतात, ती थांबायच्या आधीच. खिडकीतून टॉवेल पडतात, पोरं आत ढकलली जातात. "चेंगराचेंगरी गाड्या कमी म्हणून होत नाही," नियंत्रक म्हणतात, "मधी खंड पडला की होते."

ती माळ कुठे लावलीय ते बघायला मी मैदानाच्या मागच्या बाजूला जातो. तिथे वेगळंच गाव वसलंय. गाड्या तिरक्या लावलेल्या, सगळ्यांची तोंडं बाहेरच्या फाटकाकडे. एका दाराने आत यायचं, दुसऱ्याने बाहेर पडायचं, आणि माणसं बसलीत त्या भागात रिव्हर्स घ्यायचा नाही, असा इथला नियम. टेकलेली गाडी मागे घेताना ड्रायव्हरला आरशात वळकटी दिसते, तिच्याआड निजलेलं माणूस दिसत नाही. दोन गाड्यांच्या मधल्या बोळात चालक-वाहकांच्या दोऱ्या, दोऱ्यांवर खाकी शर्ट. एका गाडीचं बॉनेट उघडं आहे, कंदिलाएवढ्या बॅटरीच्या उजेडात यांत्रिक पट्टा बदलतोय. पाच-सहा ड्रायव्हर सीटांवर आडवे झालेत, पाय खिडकीबाहेर.

"ह्यांना उठवू नका हां," शेजारचा वाहक मला दटावतो. "रातभर चालवून आलेत. आता झोपले तर पहाटे गाडी हाय."

मैदानावर उभ्या दिसतात त्या सगळ्या गाड्या हाताशी नसतात, हे कळतं. ड्रायव्हर झोपलेला असेल तर डिझेल भरलेली, पाटी लावलेली गाडीही नुसता पत्रा. नियंत्रकांच्या टेबलाच्या खणात म्हणून दुसरी एक वही आहे: कोण किती वाजता आला, कुठून आला, कधी जेवला, कधी आडवा झाला. रजिस्टर साहेबांना दाखवायचं असतं. रात्र पार पडते ती या वहीच्या जोरावर.

आठ वाजतात. पावसाची भुरभुर येऊन जाते. पाट्यांखालची गर्दी दुप्पट झालीय. एकादशीला गाभाऱ्यापर्यंत पोचणारे किती? पुष्कळांनी चंद्रभागेत बुडी मारली, नामदेव पायरीवर डोकं टेकलं, कळसाला हात जोडले, प्रदक्षिणा केली आणि वाट धरली. पालख्या पौर्णिमेपर्यंत इथे राहतील, गोपाळपूरला काला होईल, मग त्या परतीला लागतील. पण पालखीबरोबर चाललेला शेतकरी तेवढा थांबू शकत नाही. "पेरणी पोरावर टाकून आलो, आता डवरणी त्याच्यावर सोडली तर झालंच," पुसदकडचा एक वारकरी सांगतो. म्हणून दोन-अडीच आठवडे लांबलचक ओळीने आलेला हा समाज परत जायला निघतो तो एका रात्रीत आणि पुढच्या अर्ध्या दिवसात.

येतानाची शिस्त मात्र बघण्यासारखी. माउलींच्या सोहळ्यात रथापुढे सत्तावीस दिंड्या, बाकीच्या रथामागे. प्रत्येकीला क्रमांक, प्रत्येकीची जागा ठरलेली. एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकरांनी घालून दिलेली ही चाल. मुक्कामाच्या तळावर समाजआरतीला चोपदार दंड उंचावतो आणि टाळ-मृदंग थांबतात. ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती मात्र टाळ वाजवतच राहते. चोपदार तिच्याकडे जातो, ऐकून घेतो, निवाडा होतो, मग तीही शांत होते. हरवल्या-सापडल्याची पुकारही तिथेच होते. लाखालाखांचा समुदाय मैलोन्मैल हलवायची ही रीत बांधली गेली तेव्हा लाऊडस्पीकर नव्हता, रस्त्याला डांबरही नव्हतं. आता आळंदीच्या वाटेवर राष्ट्रीय महामार्ग ९६५ झालाय, देहूच्या वाटेवर ९६५ जी, दोन्हींच्या कडेने पायी चालणाऱ्यांसाठी वेगळी वाट. रस्ता बदलला, दिंडीचा क्रम बदलला नाही.

इथे, या पाटीखाली, तो क्रम सुटलाय. दिंडीतला विणेकरी इथे फक्त अकोल्याला जाणारा प्रवासी आहे. मागे-पुढे कोण चालायचं हे ज्याला अठरा दिवस पाठ होतं, तो आता "आपली कोणती, भाऊ?" म्हणून दिसेल त्या खाकी शर्टाला विचारतो. येताना जी दिंडी होती तिची जाताना गर्दी होते, आणि एसटीच्या माणसांना त्या गर्दीतून पुन्हा ओळी उभ्या करायच्या असतात, तेही टाळ-वीणा हाती नसताना.

सव्वानऊ. नांदेडच्या पाटीखाली साठ-सत्तर माणसं आहेत आणि गाडी पुढे यायला तयार नाही. समोर यवतमाळची एक गाडी पंक्चर होऊन अडकलीय. नवीन लागलेला एक पोरगा धावत टेबलापाशी येतो, माइक ओढतो. "नांदेडची गाडी तिकडं मागं लावू का? अनाउन्स करतो, लोक जातील तिकडं."

नियंत्रक त्याच्या हातातून माइक काढून घेतात. प्लगच उपटतात म्हणा ना.

"माणसं हलवायची न्हाईत. गाडी हलव."

"पण साहेब, गाडीला पूर्ण चक्कर पडंल."

"पडू दे."

गाडी मागच्या फाटकाने बाहेर जाते, वळसा घालून पुढच्या फाटकाने आत येते, पंक्चर गाडीच्या पलीकडून नांदेडच्या पाटीला लागते. दहाएक मिनिटं जातात. लोक तोवर बसल्या जागी बसून राहतात. एका म्हातारबुवांनी तेवढ्यात तंबाखू मळून, चिमूट गालफडात धरून, उरलेली पुडीत परत घातलीय. चढतानाही धक्काबुक्की नाही, कारण बसलेल्यांपैकी पहिला कोण हे शेजाऱ्याला ठाऊक असतं.

ती दहा मिनिटं मला डोळ्यांपुढे दुसरंच दिसत राहतं. १० फेब्रुवारी २०१३, कुंभातली मौनी अमावास्या, अलाहाबाद जंक्शन: ऐन वेळी फलाट बदलल्याची घोषणा झाली, असं वाचलेले सांगत होते. पुलावर लोटलेल्या गर्दीत छत्तीस माणसं गेली. आणि अगदी यंदाचं, १५ फेब्रुवारीचं नवी दिल्ली स्थानक: 'प्रयागराज' नावाच्या दोन गाड्यांच्या घोषणेने गोंधळ उडाला, असं पोलिसांनी सांगितलं. अठरा बळी. दोन्हीकडे गाड्यांचा हिशोब कागदावर होता, जादा गाड्या होत्या. माइकवरून चार शब्द गेले आणि हजारो माणसं एकदम उठली. या नियंत्रकांनी ते अहवाल वाचलेले नाहीत. विचारलं तर म्हणतात, "आमचे जुने साहेब होते, ते सांगायचे. चुकीची गाडी लागली तर लागू दे, चुकीची अनाउन्समेंट लागता कामा नये."

शेजारच्या खुर्चीवर नाशिककडून मदतीला आलेले एक अधिकारी चहा घेतायत. सिंहस्थाचा विषय आपोआप निघतो. २००३ च्या नाशिक कुंभात चेंगराचेंगरीत एकोणचाळीस भाविक गेले. त्या धसक्याने २०१५ ला बंदोबस्त असा आवळला की पहिल्या पर्वणीला, २९ ऑगस्टला, गाड्या लांब बाहेरच्या वाहनतळावर अडवल्या, तिथून एसटीने आतल्या तळावर, पुढे जागोजागी बॅरिकेड आणि मैलोन्मैल पायपीट. लोक कंटाळून घरीच बसले. घाट रिकामे आणि पोलिसांची गर्दी, असं चित्र. दुसऱ्या पर्वणीला दोऱ्या ढिल्या केल्या तेव्हा माणूस आला.

"मग बरोबर काय?" मी विचारतो.

अधिकारी कप खाली ठेवतात. "माणूस चालायला तयार असतो. त्याला सांगितलं पाहिजे, किती चालायचं आणि कुठं पाणी आहे. तेव्हा आम्ही ते सांगितलंच नाही नीट. आता पुढचा सिंहस्थ तोंडावर आलाय, बघू."

वारकऱ्यांच्या बाबतीत ते तंतोतंत पटतं. त्यांना उद्याचा मुक्काम, त्याच्या पुढचा मुक्काम, कुठे विसावा, कुठे रिंगण, सगळं तोंडपाठ असतं. अंतर माहीत असलं की पाय तक्रार करत नाहीत.

अकरानंतर पेच वेगळा होतो. मोठ्या गावांच्या गाड्या भराभर भरतात आणि सुटतात. उरतात ती थोडी थोडी माणसं. उमरखेडचे चौदा. रिसोडचे अकरा. गंगाखेडच्या फक्त सहा बायका, त्याही ठाम. "आमाला गंगाखेडचीच गाडी पायजे." चौदा माणसांसाठी चव्वेचाळीस सीटची गाडी उमरखेडला हाकणं नियंत्रकांच्या जिवावर येतं. ते उमरखेडवाल्यांना पुसदच्या गाडीत बसवतात. "पुसदला सकाळची लोकल भेटंल तुमाला, मास्तर उतरवून देतील." उमरखेडवाले कुरकुरतात आणि चढतात. गंगाखेडच्या बायका मात्र हलत नाहीत. परभणीच्या गाडीत बसा म्हटलं तर त्यांतली एक म्हणते, "परभनीला उतरून रातचं स्टँडवर बसायचं व्हय आमी? पोरीबाळी हायेत संगं." नियंत्रक दोन मिनिटं रजिस्टरकडे बघत राहतात. मग नांदेडकडे जाणारी एक गाडी गंगाखेडवरून काढतात. वाट वाकडी होते, गाडी उशिरा पोचेल, ड्रायव्हर तोंड वेडंवाकडं करतो. मला हा निर्णय आजच्या रात्रीतला सगळ्यात चांगला वाटतो. असा निर्णय भारमानाच्या तक्त्यात तोट्याच्या बाजूला पडतो, हेही तितकंच खरं.

एक गोष्ट इथे उभं राहून दिसत नाही, म्हणून सांगून टाकतो. ५,२०० गाड्या कुठून तरी काढूनच इथे आल्यात. या दिवसांत कितीतरी खेड्यांच्या फेऱ्या बंद असतात, मुक्कामी गाडी येत नाही, तालुक्याच्या शाळा-कॉलेजला जाणारी पोरं वडापमध्ये कोंबून जातात. यात्रेच्या उत्पन्नाचा आकडा दरवर्षी छापून येतो. त्या न आलेल्या गाड्यांचा आकडा मी कधी छापलेला पाहिला नाही.

पहाटेचे चार. द्वादशी लागलीय. गावात पारणं सोडून माणसं निघालीत, आणि गर्दीचा दुसरा, मोठा लोंढा मैदानात उतरतोय. मागच्या बोळात शिट्टी वाजते आणि झोपलेले ड्रायव्हर एकेक करून उठतात. नळावर चूळ भरतात. कुणी टायरला नारळ फोडतो. इंजिनं सुरू होतात, डिझेलचा धूर आणि उदबत्तीचा वास एकत्र येतो.

परभणीच्या पाटीला गटाची गाडी लागलीय. चाळीस किंवा अधिक माणसं जमली की एसटी थेट गावातून गाडी देते, तीच माणसं घेऊन ती गावाला परतते. जिंतूर तालुक्यातल्या एका गावचा हा गट. वाहक दारात उभा राहून मशीनवर तिकिटं फाडतोय. बायकांना अर्धं तिकीट, पंच्याहत्तरच्या पुढच्यांना शून्याचं, पण फाडायचं सगळ्यांचं. मधेच कागदाचा रोल संपतो. तो बदलेपर्यंत गटाचा कारभारी, हातात शाळेची वही, गाडीत एक चक्कर मारून येतो.

"चव्वेचाळीस. पुरे हायेत. सोडा."

वाहक घंटीच्या दोरीला हात घालतो. तेवढ्यात मागच्या सीटवरून एक बाई ओरडते, "आवो, सखूआत्या कुटंय?"

"चव्वेचाळीस भरलेत की."

"भरले आसतील. आत्या न्हाई."

कारभारी वही उघडतो आणि डोकी मोजायची सोडून नावं वाचायला लागतो. एकेक नाव, एकेक "हाव". सदतिसाव्या नावाला कुणी बोलत नाही. वाचून संपतं तेव्हा आत्या गाडीत नाही आणि माणसं तरी चव्वेचाळीस. उजवीकडच्या चौथ्या सीटवर एक गृहस्थ टोपी डोळ्यांवर ओढून निजलेत. कारभारी त्यांना हलवतो.

"माउली, तुमी कोन गावचे?"

"मेहकरचा."

"ही परभनी जिल्ह्याची गाडी हाय."

"आँ? गाडी लागली, लोकं चढले, मी बी चढलो बाप्पा."

आत्या सापडते शेजारच्या गाडीत. आपल्या सीटवर परका माणूस बसलेला बघून ती गपचूप उतरली आणि तशाच लाल रंगाच्या, तशीच पाटी लावलेल्या दुसऱ्या गाडीत खिडकी धरून बसली. ती गाडी सेलूची. आता ती उठायला तयार नाही.

"मी हितंच बसते. हितं खिडकी हाय."

"आत्या, ही सेलूला जाते."

"मंग तिथून ये मला न्यायला."

दोन बायका तिला दंडाला धरून उतरवतात, तिची पिशवी कारभाऱ्याच्या खांद्यावर जाते, आणि जिंतूरच्या गाडीत तिला खिडकीची जागा द्यावी लागते. मेहकरचे गृहस्थ वळकटी काखेत मारून खाली उभे आहेत. वाहक दार ओढून घेतो, डबल बेल देतो. गाडी हलते तसे ते माझ्याकडे वळतात.

"मंग मेहकरची कुठी लागते, भाऊ?"

मी बुलढाण्याच्या पाटीकडे बोट दाखवतो. तिथे गाडी भरतच आलीय, वाहक दारातून ओरडतोय. ते धावायला लागतात तसा शेडमधून माइकवरचा बसलेला आवाज येतो, "धोतरवाले बाबा, धावू नका! गाडी थांबंल तुमच्यासाठी. चालत जा!"